जेलमधून पळायचा परदेशी सिनेमा घरी चार जणांत कसा पाहायचा, अन् पाहून झाल्यावर मत कसं सांगायचं

आमच्या घरी, नागपुरात प्रतापनगरला, महिन्यातल्या एखाद्या शनिवारी रात्री सात-आठ जणं जमतात अन् आम्ही परदेशी सिनेमा पाहतो, त्यातही जेलचे सिनेमे जास्त. आधी काय व्हायचं की सिनेमा संपला की एक म्हणायचा जबरदस्त होता, दुसरा म्हणायचा स्लो होता, तिसरा चप्पल शोधायला लागायचा अन् विषय संपला. मला हे फार लागायचं, कारण दीड-पावणेदोन तास सगळ्यांनी श्वास धरून पाहिलेल्या गोष्टीवर आपल्याकडे दोनच शब्द असावे हे बरोबर नाही. मग करत करत एक पद्धत बसली, ती इथं सांगतो, म्हणजे तुम्हाला घरी करायचं असेल तर पहिल्या चार-पाच शनिवारी आमचं जे चुकलं ते तुमचं चुकणार नाही.

पहिली गोष्ट आवाजाची. जेलच्या सिनेमात टेन्शन गोळीबारात नसतं, ते कुलपात चावी फिरताना होणाऱ्या कटकन आवाजात असतं, दूरून येणाऱ्या बुटांच्या आवाजात असतं, अन् आपल्या नागपुरात एप्रिल ते जून घरात कूलर असतो. कूलर फुल स्पीडवर असताना असा सिनेमा लावणं म्हणजे अर्धा सिनेमा न पाहणं. आमच्याकडे मे महिन्यात एकदा असंच झालं, पारा चव्वेचाळीसच्या वर, कूलर बंद करायला कोणी तयार नाही, अन् ज्या सीनमध्ये हिरो दाराला कान लावून बाहेरच्या शिपायाची चाहूल घेतो तिथं आम्हाला फक्त कूलरचा पंखा अन् टाकीतल्या पंपाची गुरगुर. त्या रात्री पाचपैकी चार जणांचं मत पडलं की बोर आहे. तोच सिनेमा डिसेंबरात खिडक्या लावून, रजया घेऊन परत पाहिला तर त्याच लोकांनी एकमेकांचे हात धरले होते. म्हणून जमलं तर हे सिनेमे थंडीसाठी ठेवा. उन्हाळ्यातच पाहायचे असतील तर दोन तास आधी कूलर लावून खोली गार करून घ्या, फरशीवर पाणी मारा, अन् सिनेमा सुरू झाला की कूलर एक नंबरवर आणा. गच्चीवर पडदा लावून पाहायची आयडिया चांगली वाटते पण जेलच्या सिनेमाला ती चालत नाही, खाली रस्त्यावरून एक बुलेट गेली की सगळं गेलं.

खाणं आधी उरकून घ्या. तर्री पोहे असतील तर सिनेमाच्या आधी, चहा मध्ये नको, अन् कुरकुरीत काहीही हातात नको. चिवड्याच्या पाकिटाचा आवाज शांत सीनमध्ये किती मोठा होतो हे एकदा अनुभवलं की परत सांगावं लागत नाही.

आता भाषा. डब केलेला सिनेमा मी कधीच लावत नाही, कारण डबिंगमध्ये माणसं नीट ऐकू येतात पण मागचं जेल ऐकू येत नाही. सबटायटल मोठे करून ठेवा, बहुतेक ओटीटीवर सेटिंगमध्ये अक्षरांचा साईज अन् रंग बदलता येतो, अन् हे लोकं यायच्या आधी करा. ज्यांना इंग्रजी वाचायला वेळ लागतो त्यांच्यासाठी आमच्याकडे एकजण ठरलेला असतो, तो सिनेमा आधी पाहून ठेवतो अन् त्यांच्या शेजारी बसून हळू आवाजात सांगतो. एकच माणूस, दोन नाही, दोघं सांगायला लागले की भांडण सुरू होतं. माझी मोठी आई ऐंशीच्या घरात आहे, तिला आम्ही असंच दाखवतो, अन् खरं सांगू का, जेलच्या सिनेमात बोलणं इतकं कमी असतं की अर्ध्या तासानं तीच म्हणते, राहू दे, समजून राहिलं मले.

पहिला कोणता लावायचा असं विचाराल तर 'एस्केप फ्रॉम प्रिटोरिया' लावा. २०२० चा आहे, इंग्रजी आहे, लांबी पावणेदोन तास, डॅनियल रॅडक्लिफ आहे म्हणजे घरातली पोरंही येऊन बसतात. घटना खरी आहे. दक्षिण आफ्रिकेत १९४८ नंतर वर्णभेदाचे कायदे एकामागून एक आले, त्याच्याविरुद्ध लढणाऱ्यांत गोरे लोकही होते, त्यातले टिम जेनकिन अन् स्टीफन ली हे दोघं १९७८ मध्ये पकडले गेले. गुन्हा काय तर बंदी असलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसची पत्रकं वाटायची, अन् ती पण कशी, रस्त्यावर एक छोटा बॉम्ब ठेवायचा जो फुटला की कोणाला लागत नाही पण पत्रकं हवेत उडून सगळीकडे पडतात. जेनकिनला बारा वर्षं झाली, लीला आठ. तिथली जेलं पण वर्णानुसार वेगळी, मंडेला अन् त्यांचे साथी रॉबेन बेटावर, अन् हे गोरे राजकीय कैदी प्रिटोरियात. तिथून ११ डिसेंबर १९७९ ला हे दोघं अन् तिसरा ॲलेक्स मुम्बारिस असे तिघं निघाले, लाकडाच्या चाव्या करून, एकामागून एक दहा दारं उघडत.

एवढीच माहिती आधी सांगायची, पाच मिनिटांत, अन् थांबायचं. कोणीतरी विचारतंच की मग सुटतात का ते, अन् दुसरा म्हणतो, शेवट सांगू नको. मी म्हणतो, नाव काय आहे सिनेमाचं, त्यातच शेवट आहे ना. इथं मी नेहमी आग्र्याचं उदाहरण देतो. शिवाजी महाराज आग्र्याहून १६६६ मध्ये सुटले हे आपल्यातल्या प्रत्येकाला चौथीपासून माहीत आहे, तरी शाहीर पोवाड्यात पेटाऱ्यांपर्यंत आला, पहारेकरी झाकण उघडायला पुढे झाला की आपला हात आपोआप गुडघ्यावर घट्ट होतो. शेवट माहीत असल्यानं काही बिघडत नाही. बिघडतं ते मधलं सांगितल्यानं, कोणता शिपाई कधी मागे वळतो, कोणतं दार उघडत नाही, हे सांगितलं की गेलं. म्हणून आमच्याकडे नियम आहे की आधी पाहिलेल्यानं शेवटाबद्दल बोललं तरी चालेल पण मधल्या कोणत्याही दाराबद्दल बोलायचं नाही.

सिनेमा चालू असताना काय पाहायचं हे सांगतो, कारण मत तिथंच तयार होतं. चेहऱ्यांपेक्षा हातांकडे पाहा. प्रिटोरियात जेनकिन शिपायाच्या कमरेला लटकलेल्या चावीकडे नजर लावून तिचे दाते डोळ्यांनी मोजतो, मग जेलच्याच सुतारकामाच्या वर्कशॉपमध्ये लाकूड घासून चावी करतो, ती कुलपात घालतो, बसत नाही, काढतो, जिथं घासल्याची खूण पडली तिथं परत घासतो. अन् कोठडीच्या बाहेरच्या दाराला आतून कुलूपच नाही, तर झाडूच्या दांड्याला चावी लावून ती खिडकीतून बाहेर काढायची, न दिसणाऱ्या भोकात बसवायची अन् आतून फिरवायची. हा सीन पहिल्यांदा पाहिला तेव्हा माझ्या तोंडात थुंकी राहिली नव्हती. लाकडाची चावी लोखंडाच्या कुलपात फिरते, ती कधी मोडेल सांगता येत नाही, मोडली तर तुकडा आत राहणार अन् सकाळी सगळ्यांना कळणार. हे सगळं कोणी बोलून सांगत नाही, तुम्ही त्या दांड्याकडे पाहत असाल तरच ते तुमच्यापर्यंत येतं. मोबाईलवर एक मेसेज पाहायला खाली मान घातली तर तेवढ्यात चावी फिरून गेलेली असते, मग तुम्ही म्हणणार की काही घडतच नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा, सायलेंटवर खिशात नको.

अन् पॉज करू नका. बाथरूमला जायचं असेल तर जा, बाकीच्यांचा सिनेमा थांबवू नका, कारण असा सिनेमा दोरी पिळल्यासारखा एकेक वेढा देत जातो अन् पॉज केला की दोरी सुटते, मग परत पिळायला वीस मिनिटं लागतात.

संपल्यावर लगेच लाईट लावू नका अन् लगेच बोलू नका, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. आमच्याकडे आधी काय व्हायचं की माझा एक मित्र आहे, आवाज मोठा, तो पहिल्यांदा बोलायचा अन् मग बाकीचे त्याच्याच बाजूनं किंवा त्याच्या विरोधात बोलायचे, स्वतःचं असं कोणाचं उरायचंच नाही. आता प्रत्येकाला एक चिठ्ठी अन् पेन देतो. पाच मिनिटं. चिठ्ठीवर दोनच गोष्टी लिहायच्या, कोणत्या क्षणी तुमचा श्वास अडकला अन् कोणत्या क्षणी तुमचं लक्ष उडालं. आवडला की नाही हे लिहायचंच नाही. मग चिठ्ठ्या एका डब्यात टाकून एकेक काढून वाचायच्या, नाव न सांगता, अन् ज्याची आहे तो पटलं तर स्वतः बोलतो.

ह्यानं काय फरक पडला ते सांगतो. प्रिटोरियाच्या रात्री आठ चिठ्ठ्यांपैकी पाच चिठ्ठ्यांत तो झाडूच्या दांड्याचाच सीन होता. म्हणजे त्या सीनबद्दल मत द्यायची गरजच उरली नाही, तो लागला, संपलं. पण लक्ष उडालं त्या ठिकाणी सगळे वेगवेगळे होते. माझ्या भाचीनं लिहिलं होतं की कोणीही काळा माणूस सिनेमात दोन मिनिटांच्या वर बोलत नाही, तिथं माझं लक्ष उडालं. आमच्या शेजारच्या वहिनींनी लिहिलं की ह्या पोरांच्या घरच्यांचं काय झालं हे दाखवतच नाही. अन् तो मोठ्या आवाजाचा मित्र, त्यानं लिहिलं की मध्ये एकदा मला वाटलं मी कुलपाचा व्हिडिओ पाहून राहिलो. तिन्ही मतं खरी आहेत. भाचीच्या मतावर आम्ही त्या रात्री दीडपर्यंत बोलत बसलो. वर्णभेदावरचा सिनेमा अन् वर्णभेद खिडकीतून दिसतो तेवढाच, हे तिचं म्हणणं मला पटलं. मी एवढंच म्हणालो की जेनकिनला चावीशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं, तर सिनेमालाही सुचत नाही. ती म्हणाली, मामा, ते त्याचं कारण झालं, माफी नाही. मी गप्प झालो कारण ती बरोबर होती.

मत सांगायचं म्हणजे हे. 'कथेत दम नाही' असं म्हणू नका, कुठे दम गेला ते सांगा. 'ॲक्टिंग मस्त' म्हणू नका, कोणत्या सीनमध्ये कोणाचा हात कसा थरथरला ते सांगा. अन् सिनेमा जे करायलाच निघाला नव्हता त्याबद्दल तक्रार असेल तर ती जरूर करा पण वेगळी करा, टेन्शन आहे की नाही हा एक प्रश्न अन् राजकारण पुरेसं आहे की नाही हा दुसरा, दोन्ही एकत्र कालवले की कोणालाच उत्तर मिळत नाही.

दुसरा सिनेमा लावायचा झाला तर 'सेल २११', स्पॅनिश, २००९ चा, दिग्दर्शक दानिएल मोन्सोन, स्पेनमधले गोया पुरस्कार आठ मिळाले त्याला. हा पळायचा सिनेमाच नाही. एक पोरगा जेलात शिपाई म्हणून लागणार असतो, ड्युटी उद्यापासून, हा एक दिवस आधीच जागा पाहायला जातो, छताचं प्लास्टर डोक्यावर पडतं, बेशुद्ध होतो, त्याला रिकाम्या कोठडीत टाकतात अन् तेवढ्यात जेलमध्ये दंगा होतो. शुद्धीवर येतो तर चारी बाजूंनी कैदी, अन् जगायचं असेल तर आपणही कैदीच आहोत असं दाखवायचं. ह्यात कुलूप, चावी काही नाही, एक खोटं आहे अन् ते किती वेळ टिकेल एवढंच आहे. लुईस तोसार म्हणून नट आहे, कैद्यांचा म्होरक्या, त्याचा तो खर्जातला आवाज दोन दिवस कानातून जात नाही. पण हा लावताना लोकांना आधी सांगा, सुरुवातीलाच एक कैदी हाताची नस कापून घेतो तो सीन आहे अन् पुढेही मारहाण भरपूर आहे, पोरांना बसवू नका, अन् घरात कोणी मनानं खचलेलं असेल तर त्या दिवशी दुसरं काही लावा.

तिसरा 'ल त्रू', १९६० चा, फ्रेंच, ब्लॅक अँड व्हाईट, पॅरिसच्या सान्ते जेलमधला १९४७ चा खरा प्रयत्न. दिग्दर्शक झाक बेकर सिनेमा रिलीज व्हायच्या आधीच वारला. त्या खऱ्या प्रयत्नात असलेल्यांपैकी एकजण ह्यात स्वतः काम करतो. अख्ख्या गोष्टीत बॅकग्राउंड म्युझिक नाही. एक सीन आहे ज्यात कोठडीची फरशी फोडतात, कॅमेरा त्या फरशीवरून हलतच नाही, कितीतरी मिनिटं नुसते घाव, सिमेंटचे तुकडे उडतात, एक दमला की दुसरा. आम्ही हा शेवटी ठेवला होता अन् बरं केलं, सवय झाल्याशिवाय हा लावला तर लोकं उठून जातील. माझ्यासाठी सगळ्यात चांगला हाच आहे.

घरात जुनी माणसं असतील तर त्यांना नक्की बसवा. 'एस्केप फ्रॉम अल्कट्राझ' पाहताना, हा १९७९ चा, क्लिंट ईस्टवूडचा, १९६२ च्या खऱ्या पलायनावरचा, त्यात पळणारे लोकं बिछान्यात नकली मुंडकी ठेवतात, त्यावर खरे केस लावलेले, म्हणजे रात्रीच्या गिनतीला शिपायाला वाटावं माणूस झोपलाय. मोठी आई एकदम म्हणाली, अरे हा तं हिरोजी फर्जंद झाला ना! सगळे तिच्याकडे वळून पाहायला लागले. महाराजांच्या पलंगावर शाल ओढून हिरोजी झोपला होता, हात तेवढा बाहेर, अंगठी दिसावी म्हणून. मग तीच पुढे म्हणाली की हिरोजी जिवंत माणूस होता, त्याला मागे थांबायचं होतं, हे मुंडकं तं मुंडकंच आहे, त्याच्यात भीती कायची? माझ्या मते आमच्याकडे आजपर्यंत आलेलं सगळ्यात चांगलं मत ते आहे. नंतर तिनंच 'दो आँखें बारह हाथ' चं नाव काढलं, शांतारामबापूंचा १९५७ चा, सहा खुनी कैदी अन् एक जेलर, अन् भिंतच नाही. म्हणाली, त्यात दार उघडं असून माणूस जात नाही, यात दार बंद असून जाते, दोन्ही पाहा लागते. आता आम्ही तिच्या सांगण्यावरून तो पण लावणार आहोत.

अन् आमच्या गल्लीत एक काका आहेत, जेलखात्यातून शिपाई म्हणून रिटायर झालेले. त्यांना बोलवायला मी कचरत होतो, वाटलं त्यांना वाईट वाटेल. आले, प्रिटोरिया पूर्ण पाहिला, चिठ्ठीवर काहीच लिहिलं नाही. मग चहा घेताना बोलले, "तुमी सगळे चावीकडे पाहून राहिले, मी त्या रात्रपाळीच्या शिपायाकडे पाहत होतो. सकाळी गिनती जुळणार नाही, अन् पहिले त्यालेच बोलावतीन." आपण सगळे पळणाऱ्याच्या बाजूनं श्वास धरतो, अन् त्याच खोलीत एक माणूस दुसऱ्याच माणसासाठी श्वास धरून बसला होता. तुमच्या ओळखीत असं कोणी असेल, पोलीस, वकील, रात्रपाळीचा सिक्युरिटी गार्ड, तर बोलवाच. फक्त त्यांना प्रश्नांनी घेरू नका, खरंच असं असतं का हो, असं दर पाच मिनिटांनी विचारू नका. त्यांचं त्यांना सुचेल तेव्हा ते बोलतात.

एक गोष्ट मात्र सांभाळा. आपल्या शहरात वर्धा रोडला इंग्रजांच्या काळातलं सेंट्रल जेल आहे, ३१ मार्च २०१५ ला पहाटे तिथून पाच कैदी पळाले होते, अन् जेलचा सिनेमा म्हटला की कोणीतरी तो विषय काढतंच. बोला, पण कोण ऐकतंय ते पाहून बोला. आमच्याकडे एकदा एक पाहुणा मोठ्यानं सांगत होता की आतले सगळे असलेच असतात, अन् त्याच खोलीत एक मुलगी होती जिचा भाऊ कच्चा कैदी म्हणून आत होता, केस अजून उभी राहायची होती. ती काही बोलली नाही, उठून गॅलरीत गेली. मला ते त्याच वेळी थांबवायला पाहिजे होतं, मी थांबवलं नाही, अन् ती परत कधी आली नाही. तेव्हापासून सिनेमा सुरू व्हायच्या आधी मी एवढं सांगतो की पडद्यावरच्या माणसांबद्दल जे बोलायचं ते बोला, आतल्या खऱ्या माणसांबद्दल माहीत असेल तेवढंच बोला.

मत कुठे लिहून ठेवायचं असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी लिहा. त्याच रात्री लिहिलं की सगळं 'अंगावर काटा' होतं, आठवड्यानं लिहिलं की नुसती स्टोरी उरते. चिठ्ठी समोर ठेवा, त्यावरचा तो एक क्षण आधी लिहा, मग त्याच्या आधी काय होतं अन् नंतर काय झालं तेवढं जोडा, शेवटचं दार मात्र वाचणाऱ्यासाठी बंदच ठेवा. दहा-बारा ओळी पुरतात. स्टार देऊ नका, पाचपैकी साडेतीन म्हणजे काय हे मला आजपर्यंत कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

आमच्या चिठ्ठ्यांचा डबा संत्रा बर्फीचा जुना पत्र्याचा आहे, टीव्हीच्या खाली ठेवलेला. काका मागच्या वेळी आले तेव्हा त्यांनी तो उघडून सगळ्या चिठ्ठ्या वाचल्या, मग विचारलं, ते झाडूवालं परत एकदा लावतं का, शिपाई कोणत्या बाजूनं येते ते मले पाहायचं आहे. लावलं. कूलर त्यांनी स्वतःच उठून बंद केला.